परदेशी अधिकाऱ्यांचा पूर-अभ्यासदौरा सांगलीत कसा घ्यावा

नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका किंवा मालदीवच्या दहा-पंधरा अधिकाऱ्यांचा गट जिल्ह्यात येणार असल्याचं पत्र आलं, की पहिल्या बैठकीत चर्चा सुरू होते ती शाली किती आणि जेवण कुठे यांची. पाहुणे नक्की काय बघून जाणार, हा प्रश्न शेवटी येतो, आणि मग उत्तर म्हणून पाच योजनांची पाच सादरीकरणं ठेवली जातात. असा दौरा पाहुण्यांच्या लक्षात राहत नाही आणि आपल्यालाही त्यातून काही मिळत नाही. दौऱ्याला एकच विषय धरा आणि तो मुळापासून शेवटपर्यंत दाखवा. सांगलीसाठी तो विषय कृष्णेचा पूर आणि त्याची पूर्वसूचना. या सगळ्या देशांना पुराचा नाहीतर समुद्राच्या पाण्याचा ताप आहे. आपल्याकडे २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर येऊन गेले, त्यामुळे दाखवण्यासारखं काम आहे आणि कबूल करण्यासारख्या चुकाही आहेत.

पत्र कुठून आलं, ते आधी बघा

असे गट साधारण तीन वाटांनी येतात. पहिली वाट परराष्ट्र मंत्रालयाच्या आयटेक या प्रशिक्षण व तांत्रिक सहकार्य कार्यक्रमाची, जो १९६४ पासून चालू आहे. दुसरी मसुरी-दिल्लीच्या राष्ट्रीय सुशासन केंद्राची. बांगलादेश आणि मालदीवच्या सनदी अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण तिथे मोठ्या संख्येने झालं आहे. तिसरी वाट म्हणजे पुण्याच्या यशदासारख्या, सरकारी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने आखलेला क्षेत्रदौरा. वाट कुठलीही असो, जिल्ह्याने स्वतःहून दूतावासाशी पत्रव्यवहार करायचा नाही. एक प्रत मंत्रालयातल्या राजशिष्टाचार शाखेला, एक पोलीस अधीक्षकांना आणि एक आयोजक संस्थेच्या समन्वयकाला द्या. सगळे निरोप त्या समन्वयकामार्फतच जाऊ द्या.

करारावर सही करायची हौस आवरा. परराष्ट्र व्यवहार आणि परदेशांशी करार हे संघसूचीतले विषय आहेत. जिल्हा परिषद, महापालिका किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाने केंद्राच्या संमतीशिवाय ‘सामंजस्य करार’ म्हणून कागदावर सही केली, तर ती निस्तरायला पुढचे सहा महिने जातात. भगिनी-शहर करारालाही हाच नियम लागू. पाहुण्यांच्या प्रमुखाने उत्साहाने मसुदा पुढे केला तर तो आदराने स्वीकारा आणि ‘वरिष्ठांकडे पाठवतो’ असं सांगा. दौऱ्याच्या शेवटी हवा तो दोन पानी गोषवारा: काय पाहिलं, कोणते प्रश्न राहिले, कोणती माहिती कोण कोणाला कधी पाठवणार. त्यावर सह्या नकोत, फक्त तारखा.

तारीख

जुलै-ऑगस्टमध्ये गट बोलावू नका. ‘प्रत्यक्ष पूर दिसेल’ ही कल्पना कागदावर चांगली वाटते, पण त्या दिवसांत नियंत्रण कक्षातला माणूस पाहुण्यांना चहा विचारण्याच्या परिस्थितीत नसतो. उन्हाळ्यात नदी पात्रात खाली गेलेली असते, तेव्हा पुलावरच्या खुणेकडे बोट दाखवूनही पाणी तिथवर आलं होतं हे कोणाला पटत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पात्रात पाणी असतं आणि पावसाळ्याच्या नोंदी ताज्या असतात. दसरा-दिवाळीची सुट्टी टाळा. ऊसतोड सुरू झाली की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मग गाडीच्या वेळापत्रकात प्रत्येक टप्प्याला अर्धा तास जास्त धरा, नाहीतर दुपारचं जेवण चार वाजता होतं.

तीन दिवसांची वाट: पाणी जसं येतं तसं

बहुतेक दौरे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात सुरू होतात. हा क्रम उलटा करा. पाणी वरून खाली येतं, म्हणून पाहुण्यांनाही वरून खाली आणा.

पहिल्या दिवशी पुण्याहून थेट कऱ्हाडमार्गे कोयनानगर. कऱ्हाड ते कोयनानगर साठेक किलोमीटर आहे. धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), सांडव्याला सहा वक्राकार दरवाजे. दरवाजे किती फूट उचलायचे हे कोण ठरवतं, त्याआधी कोणाला कळवावं लागतं आणि पायथा वीजगृहातून किती पाणी सुटतं, एवढंच तिथे समजावून सांगा. धरण आणि वीजगृह परिसरात प्रवेशाला जलसंपदा विभागाची लेखी परवानगी लागते. नावं, पासपोर्ट क्रमांक आणि गाड्यांचे नंबर यांची यादी किमान तीन आठवडे आधी द्या. फोटोबंदी आहे, हे बसमध्येच सांगा. फाटकावर सांगितलं की अपमान वाटतो. नेपाळचे अधिकारी असतील तर ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाबद्दल नक्की विचारतील, कारण त्यांच्याकडे २०१५ चा भूकंप अजून विसरलेला नाही. त्याचं उत्तर देणारा अभियंता सोबत ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कऱ्हाडचा प्रीतिसंगम. इथे कोयना कृष्णेला मिळते, त्यामुळे ‘धरणातून सोडलेलं पाणी’ आणि ‘वाटेतल्या पावसाचं पाणी’ हा फरक डोळ्यांनी दाखवता येतो. सांगलीचा पूर एकट्या कोयनेमुळे येत नाही. मधल्या पाणलोटातला पाऊस आणि हरिपूरला मिळणारी वारणा, दोन्हींचा त्यात वाटा असतो. हा मुद्दा इथेच पक्का झाला तर पुढे ‘धरण रिकामं का ठेवत नाही’ हा प्रश्न पन्नास वेळा येत नाही. येतोच, पण पंचवीस वेळा.

दुपारी सांगली: आयर्विन पूल, मग हरिपूरचा संगम. पुलाच्या खुणेवर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हे आकडे सगळेच सांगतात. त्याच्या पुढचं सांगायला हवं. ४० फुटांच्या आतच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत पाणी शिरायला लागतं. म्हणजे कागदावरचा ‘इशारा’ सुरू होण्याआधीच काही घरांचा पूर सुरू झालेला असतो. पाहुण्यांमधल्या जाणकाराला हे सांगितलं की तो वही उघडतो, कारण हीच अडचण त्याच्याही देशात आहे. पातळी एकाच ठिकाणी मोजायची की प्रत्येक वस्तीची वेगळी ठरवायची, यावर तिथेच चर्चा होऊ द्या.

तिसऱ्या दिवशी विजयनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला नियंत्रण कक्ष, आणि नंतर कार्यशाळा. त्याबद्दल पुढे.

काय दाखवायचं: नोंदवही

नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यासमोर सगळे उभे राहून फोटो काढतात. पडदा त्यांच्याकडेही असतो. त्यांना बघायची असते ती त्यामागची साखळी: धरणावरून निरोप किती वाजता निघाला, विभागीय कार्यालयात कोणी घेतला, तहसीलला कधी पोहोचला, गावात तलाठी-ग्रामसेवकाला कोणी फोन केला आणि गावात तो कसा पोहोचला. देवळाच्या भोंग्यावरून, दवंडीने, की नुसताच व्हॉट्सअॅपवर? पावसाळ्यातला एक खरा दिवस निवडा आणि त्याची नोंदवही वेळेनुसार एका तक्त्यात उतरवून काढा. तक्त्यात चार रकाने पुरतात: वेळ, निरोप, कोणाकडून कोणाला, पुढे काय झालं. जिथे निरोप दोन तास अडला ती ओळ खोडू नका. तिच्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न येतील, आणि उत्तरं देताना आपल्याच लोकांना साखळीतली कमकुवत कडी दिसेल.

तक्ता करताना माणसांची नावं आणि मोबाईल नंबर झाका. पदनाम पुरेसं आहे. चालू व्हॉट्सअॅप ग्रुप पडद्यावर लावायचा नाही. त्यात पूरग्रस्तांचे फोटो असतात, नंबर असतात, आणि नेमका त्याच क्षणी कोणीतरी शुभ सकाळचा गुलाब टाकतं.

२०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, हे पाहुण्यांनी इंटरनेटवर आधीच वाचलेलं असतं. विषय टाळू नका. त्यानंतर बोटींची क्षमता, लाइफ जॅकेट आणि चालकांचं प्रशिक्षण याबाबत तुमच्या तालुक्यात आज काय स्थिती आहे, ते नेमक्या आकड्यात सांगा: बोटी किती, जॅकेट किती, त्यातली वापरण्याजोगी किती. मात्र मृतांच्या घरी किंवा पाटण तालुक्यातल्या २०२१ च्या दरडग्रस्त आंबेघर, मिरगावात पाहुण्यांना ‘भेट’ म्हणून नेऊ नका. तिथल्या माणसांनी आपणहून बोलायची तयारी दाखवली असेल, तरच त्यांना कार्यशाळेला सन्मानाने बोलवा.

मापं बदला

इथे जितके घोटाळे होतात तितके भाषेमुळेही होत नाहीत. आपण फूट, क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद) आणि टीएमसीत बोलतो; पाहुणे मीटर, घनमीटर प्रतिसेकंद आणि दशलक्ष घनमीटरमध्ये विचार करतात. सादरीकरणात दोन्ही मापं शेजारी-शेजारी हवीत:

४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, ४५ फूट म्हणजे १३.७२ मीटर. १ घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे ३५.३१ क्युसेक, म्हणून ५०,००० क्युसेकचा विसर्ग सुमारे १,४१६ घनमीटर प्रतिसेकंद. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर, म्हणून कोयनेची क्षमता सुमारे २,९८० दशलक्ष घनमीटर.

आयर्विन पुलाचे फूट हे त्या ठिकाणच्या पाणी मोजायच्या पट्टीवरचे आहेत, समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे, हे पहिल्याच पानावर लिहा. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची ५१९.६० मीटर ही पातळी समुद्रसपाटीपासूनची आहे. ही दोन मापं एकाच आलेखात टाकली की सभागृहात कोणालाच काही कळत नाही, पण सगळे माना डोलावतात. लाख-कोटी नेपाळ आणि बांगलादेशच्या लोकांना कळतात. श्रीलंका, मालदीवसाठी दशलक्षात आकडा द्या. नेपाळी कागदपत्रांत विक्रम संवताचं साल असतं, ते आपल्या सालाच्या ५६-५७ वर्षं पुढे. त्यांचं जुनं पत्र वाचताना भविष्यातली तारीख दिसली तर दचकू नका.

शब्दांचीही यादी करा. विसर्ग, आवक, फुगवटा, सांडवा, निळी पूररेषा, लाल पूररेषा: या प्रत्येकाचं इंग्रजीतलं एक-एक वाक्य आधीच लिहून दुभाष्याला द्या. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाची. याचा अर्थ ‘पुढची शंभर वर्षं येणार नाही’ असा होत नाही, हेही त्याच वाक्यात घाला. आपल्याकडेही अनेकांचा तोच समज आहे. दुभाष्यामार्फत बोललं की वेळ दुप्पट लागतो. वीस मिनिटांचं भाषण चाळीस मिनिटांचं होतं, तेव्हा वक्त्याला दहाच मिनिटं द्या.

अलमट्टी आणि तिस्ता

दोन प्रश्न हमखास येतात. ‘अलमट्टीच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणात अडलेलं पाणी नदीत मागे चढल्यामुळे, सांगलीत पूर येतो का?’ हा पहिला. हा दोन राज्यांमधला विषय आहे, पूर अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीपासून पाणी तंट्याच्या लवादापर्यंत त्यावर चर्चा झाली आहे. यजमान अधिकाऱ्याने स्वतःचं मत द्यायचं नाही. दोन्ही राज्यांचे अभियंते पावसाळ्यात पाण्याच्या नोंदी एकमेकांना कशा कळवतात, ती पद्धत सांगायची. पाहुण्यांच्या उपयोगाचीही तीच असते, कारण भारत बांगलादेशला गंगा-ब्रह्मपुत्रेच्या वरच्या भागातल्या पाण्याची माहिती पावसाळ्यात देतो, आणि खालच्या देशाला वरच्याकडून वेळेवर आकडा मिळणं म्हणजे काय, हे त्यांना सांगलीकरापेक्षा कमी कळत नाही.

दुसरा प्रश्न भारत-बांगलादेशमधल्या तिस्ता किंवा गंगा पाणीवाटपाचा. १९९६ च्या गंगा कराराची मुदत ३० वर्षांची होती. त्यावर जिल्हास्तरावरून एक शब्दही बोलू नका. ‘हा केंद्र सरकारचा विषय आहे’ एवढं वाक्य पुरतं, आणि ते हसतमुखाने म्हणायचं. हे वाक्य सादरीकरण करणाऱ्या प्रत्येकाकडून, अगदी शाखा अभियंत्याकडूनही, आदल्या दिवशी एकदा म्हणून घ्या.

कार्यशाळा: पत्त्यांचा खेळ

तिसऱ्या दिवशी नियंत्रण कक्ष पाहून झाल्यानंतरचा वेळ यासाठी मोकळा ठेवा. पाहुणे आणि आपले अधिकारी मिसळून पाच-सहा जणांची टेबलं करा. प्रत्येक टेबलाला एक-एक करून चार कार्डं द्या. आकडे सरावाचे आहेत, हे प्रत्येक कार्डावर ठळक छापा, नाहीतर त्याचा फोटो संध्याकाळी ‘मोठी बातमी’ म्हणून फिरतो.

पहिलं कार्ड: सकाळी ६, आयर्विन ३० फूट, कोयनेतून ३०,००० क्युसेक, महाबळेश्वरला रात्रभर मुसळधार. दुसरं: सकाळी ११, ३४ फूट, वारणेतूनही विसर्ग वाढवला. तिसरं: दुपारी ४, ३८ फूट, एका गावाचा रस्ता बंद, माणसं निघायला तयार नाहीत. चौथं: रात्री ९, वीज गेली, मोबाईल टॉवर बंद. प्रत्येक कार्डाला बारा मिनिटं द्या. प्रश्न तेच: आत्ता कोणाला कळवाल, कोणत्या मार्गाने, आणि काय करायचं राहून जाईल?

खरी चर्चा तिसऱ्या कार्डावर होते. माणसं का निघत नाहीत? नदीकाठच्या गावात त्याचं उत्तर गोठ्यात असतं. जनावरं मागे ठेवून शेतकरी घर सोडत नाही, आणि बोटीत म्हैस बसत नाही. बांगलादेशाने १९७० च्या चक्रीवादळानंतर किनाऱ्यावर जनावरांसाठी मातीचे उंच भराव उभे केले. त्यांना तिकडे ‘किल्ला’ म्हणतात. साताऱ्याच्या माणसाला हा शब्द ऐकून मजा वाटेल, पण कल्पना उचलण्यासारखी आहे. त्याच देशाचा चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम १९७२ पासून चालतो. गावातले स्वयंसेवक झेंडे, भोंगे आणि हाताने फिरवायच्या सायरनवर निरोप पोहोचवतात. टॉवर बंद पडल्याच्या चौथ्या कार्डाचं उत्तर त्यांच्याकडे आपल्यापेक्षा पक्कं आहे. भूतानने १९९४ मध्ये हिमनदीचं सरोवर फुटून पुनाखाला आलेला पूर पाहिला आणि नंतर त्या खोऱ्यात सायरन बसवले. श्रीलंकेत पावसाच्या मोजमापावरून दरडीचे इशारे पायरीपायरीने देतात, ते पाटण-जावळीच्या अधिकाऱ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन ऐकावं. म्हणून वेळेची वाटणी निम्मी-निम्मी ठेवा: एक तास आपण सांगणार, एक तास ते.

झेंडे, आणि इतर बारीक गोष्टी

भारतीय ध्वजसंहितेनुसार ध्वज एका रांगेत असतील तर आपला तिरंगा प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहणाऱ्याच्या सगळ्यात उजवीकडे, म्हणजे समोर बसलेल्यांना डावीकडून पहिला. त्यानंतर बाकी देश, त्यांच्या इंग्रजी नावांच्या अक्षरक्रमाने: बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ, श्रीलंका. मराठी अक्षरक्रम लावला तर नेपाळ पहिला येतो. चूक नेमकी इथेच होते. सगळ्या काठ्या एका उंचीच्या. तिरंगा आधी चढतो, शेवटी उतरतो.

छपाईवाल्याला नमुना दिल्याशिवाय ध्वज छापायला देऊ नका. नेपाळचा ध्वज आयताकृती नाही, दोन त्रिकोणांचा आणि रुंदीपेक्षा उंच आहे. तो ताणून आयत केला जातो. बांगलादेशाचं लाल वर्तुळ बरोबर मध्यावर नसतं, काठीकडे थोडं सरकलेलं असतं. श्रीलंकेचा सिंह काठीकडे तोंड करून असतो.

पंधरा पाहुण्यांचा शाल-श्रीफळाने सत्कार दोन-दोन मिनिटांचा धरला तरी अर्धा तास जातो. सगळ्यांचं स्वागत एकदाच, फुलाने करा. भेट म्हणून सांगलीची हळद आणि बेदाणे उत्तम; दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. अर्धा किलोच्या वर देऊ नका, विमानात सामानाचं वजन मोजतात. हळद दुहेरी पिशवीत, नाहीतर पाहुण्याचा पांढरा शर्ट सांगलीची आठवण कायमची ठेवतो. कंदी पेढे वाटेत खाऊ द्या, बरोबर बांधून देऊ नका. मिरजेचा तानपुरा दाखवा जरूर; देण्याची कल्पना सोडा. पाहुण्यांकडून मिळालेली भेट कार्यालयाची, तिची नोंद त्याच दिवशी करा.

बांगलादेश आणि मालदीवच्या गटासाठी हलाल जेवण आणि शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ धरा. भूतानी लोकांच्या रोजच्या जेवणात मिरची भाजी म्हणून असते, तेव्हा तर्री त्यांच्यासाठी कमी करायची गरज नाही. मालदीवकरांसाठी मात्र वेगळी वाटी.

राहण्याची सोय शासकीय विश्रामगृहात असली तरी परदेशी नागरिकाची ऑनलाइन नोंद आल्यापासून २४ तासांत करावी लागते. लोक अजून तिला सी-फॉर्मच म्हणतात. हॉटेलवाल्यांना ती ठाऊक असते, विश्रामगृहाच्या खानसाम्याला नसते. कोणत्या देशाच्या नागरिकाला काय लागतं, ते पोलीस अधीक्षक कार्यालयातून आधी लेखी घ्या. ड्रोन उडवायचा मोह टाळा.

निघताना पाहुण्यांनी ‘आता तुम्ही आमच्याकडे या’ म्हटलं, तर लगेच हो म्हणू नका. परदेशी पाहुणचार स्वीकारायला परकीय योगदान कायद्याखाली केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. निमंत्रण समन्वयकामार्फत लेखी मागवा. गोषवारा तिसऱ्या दिवशी संध्याकाळीच टाइप करून त्यांच्या हातात द्या आणि त्यातली आपल्या वाट्याची पहिली माहिती, निरोपांचा तक्ता, पंधरा दिवसांत पाठवा. पुढच्या जूनमध्ये, मान्सूनपूर्व तयारीच्या बैठकीत, तोच तक्ता पुन्हा टेबलावर घ्या आणि दोन तास अडलेल्या त्या ओळीसमोर या वर्षी कोणाचं नाव लिहायचं ते ठरवा.